ताईंची होडी

ताईंनी मला नोकरी दिली ती एका सतरंजीमुळे. मुलाखतीला मी आणि आणखी एक मुलगा, दोघांनाही एकाच वेळी बोलावलं होतं. आमच्या फायलींना त्यांनी हातही लावला नाही. हॉलमध्ये लग्नाच्या मांडवात घालतात तसली लांबलचक सतरंजी पसरलेली होती. "हिची घडी करा, दोघं मिळून," असं म्हणून त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्या मुलानं आपली टोकं उचलली आणि तरातरा माझ्याकडे चालत आला. सतरंजीचा मधेच बोळा झाला. मी अजून वाकूनच होतो. तो परत मागे गेला, मी माझी टोकं धरली, त्याची वाट पाहिली, आणि मग घडी झाली. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. पुढे कधीतरी मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कोड कोणालेही शिकवता येते. थांबणं शिकवता येत नाई."

अमरावतीला बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला ताईंच्या वडिलांनी बांधलेलं घर होतं. वडील रेल्वेत होते. खाली ताई राहायच्या आणि वरच्या दोन खोल्यांत ताईंसकट आम्ही पाच जण गेम बनवायचो. ताईंनी पुण्यात आणि नंतर बेंगळुरूला मोठ्या कंपन्यांमध्ये बरीच वर्षं हेच काम केलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्या अमरावतीला आल्या, आणि आई गेल्यावरही परत गेल्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं," एवढंच म्हणायच्या. फोन उचलला की "जयभीम, बोला," आणि पुढचं सगळं ठेवणीतलं वऱ्हाडी. इतकी वर्षं बाहेर राहूनही बोली तसूभर बदलली नव्हती. बाहेरच्या कंपनीच्या माणसाशी व्हिडिओवर इंग्रजीत बोलता बोलता मधेच "थांबा, मले विचार करू द्या," म्हणायच्या आणि खरंच थांबायच्या. समोरचा माणूस आवाज गेला असं समजून आपलाच माइक तपासत बसायचा.

ऑफिसात हेडफोन लावायला बंदी होती. ज्याला गाणी ऐकायची त्यानं सगळ्यांना ऐकवायची आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. कोणाशी काही बोलायचं असेल तर उठून त्याच्या टेबलापाशी जायचं. शेजारच्या खोलीत मेसेज पाठवलेला त्यांना खपत नसे. गेमची चाचणी घ्यायची त्यांची तऱ्हा तर अशी, की नवीन आलेल्याला वाटावं बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं त्या वर घेऊन यायच्या. भाजीची पिशवी हातात असलेले नवराबायको, क्लासला निघालेल्या मैत्रिणी, कोणीही. आधी त्यांना दह्यातला गिला वडा खाऊ घालायच्या, मग खेळायला बसवायच्या, आणि स्वतः टीव्हीच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून, खेळणाऱ्यांची तोंडं पाहत उभ्या राहायच्या. एकदा दोन जावा आल्या होत्या. येताना एक जिन्याच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. अर्ध्या तासानं धाकटी थोरलीच्या पाठीत हलकेच बुक्की मारून म्हणाली, "अवो बाई, आता मारा ना वल्हं." थोरली आधी चमकली, मग हसली. त्या गेल्यावर मी विचारलं, कोणत्या टप्प्यापर्यंत गेल्या? ताईंना ते माहीतच नव्हतं. "बुक्की मारली ना," म्हणाल्या, "तिथपर्यंत गेल्या."

गेम होती एका होडीची. नदीला पूर आलेला, या काठावर माणसं, शेळ्या, ट्रंका, आणि सगळं पैलतीरी न्यायचं. होडीला दोन वल्ही, प्रत्येक खेळणाऱ्याला एक. दोघांनी एका ठेक्यात मारली तर होडी सरळ जाते. एकानं घाई केली तर गर्रकन फिरते. बस, एवढंच. दोघांनी एका खोलीत, एका पडद्यासमोर बसून खेळायची गेम.

माझं काम इंटरनेटवरून माणसं जोडायचं. मला घेतलं तेव्हा ताईंच्या मनातही ते होतं, पण जसजशी होडी तयार होत गेली तसतशा त्या त्यापासून लांब सरकत गेल्या. मी मात्र त्यांच्या मागे लागलो होतो. माझं म्हणणं साधं होतं. आज कोणाच्या घरी दोन माणसं एकत्र बसून खेळतात? ऑनलाइन असलं की कधीही, कुठलाही जोडीदार मिळतो. बेंगळुरूच्या एका कंपनीनं गेम बाजारात आणायची तयारी दाखवली होती. त्यांनाही तेच हवं होतं: अनोळखी माणसांच्या आपोआप जोड्या लावायच्या, कोण पुढे कोण मागे ते दाखवायचं. आमची मंडळी थोडी. दोन्ही प्रकार नीट करणं झेपणारं नव्हतं. एकच काहीतरी निवडायचं होतं.

एका दुपारी मी ताईंना तांत्रिक अडचण समजावून सांगत होतो. ऑनलाइनमध्ये एकाचं वल्हं दुसऱ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतोच. एवढ्या वेळानंही ठेका चुकतो. म्हणून मशीन अंदाज बांधतं, की समोरचा आत्ता वल्हं मारणार, आणि ते मारल्यासारखं दाखवून टाकतं.

"अन् त्यानं मारलंच नाई तर?"

"मग होडी गुपचूप मागे घ्यायची. खेळणाऱ्याला कळतही नाही."

"म्हणजे मले जो दिसून राहिला तो माणूस नाई, मशीनचा अंदाज."

"सगळेच असं करतात, ताई."

"करत असतीन." त्या जायला उठल्या. मग म्हणाल्या, "बुधवारी माह्यासोबत अकोल्याले चाल. टिफिन आणजो."

ताईंचे थोरले भाऊ अकोल्याला राहायचे. कृषी विद्यापीठातल्या ऑफिसातून निवृत्त झालेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर बुधवारी आणि शनिवारी डायलिसिस. ताई दर बुधवारी सुट्टी घेऊन त्यांच्यासोबत जातात हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिथे काय करतात ते कोणालाच माहीत नव्हतं.

डायलिसिसची खोली मोठी होती. ओळीनं खाटा, प्रत्येकीच्या उशाशी मशीन. ज्या हातात सुया असतात तो हात चार तास हलवायचा नाही, दुसरा मोकळा. भाऊ डावखुरे, म्हणून त्यांचा डावा हात वाचवून सुया उजव्यात. त्यांच्या डाव्या बाजूच्या खाटेवर एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांच्या सुया डाव्या हातात, उजवा मोकळा. दोघांचे मोकळे हात मधल्या बोळीत आमनेसामने आलेले. त्या बोळीत ताईंनी एक स्टूल ठेवलं, त्यावर खेळायचा कंट्रोलर चिकटपट्टीनं घट्ट बसवला, आणि मुख्य सिस्टरला विचारून भिंतीवरच्या टीव्हीला वायर जोडली. डावीकडचं बटण ड्रायव्हरचं, उजवीकडचं भाऊंचं. पडद्यावर आमची होडी आली.

"वर्षभर बाजूबाजूनं पडून होते," ताई मला हळूच म्हणाल्या. "एक शब्द बोलले नाईत. हा तिकडे तोंड करून, तो इकडे."

आता बोलत होते. "बाबू, फाइल सरकवून राहिला काय बे? जोर लाव," असं ड्रायव्हर म्हणायचे. भाऊ म्हणायचे, "तुमी आधी ब्रेक दाबणं सोडा. नदीत ब्रेक नसते." समोरच्या खाटांवरची माणसं माना वळवून पाहत होती. एक म्हातारी प्रत्येक शेळी उतरली की मोजत होती आणि चुकत होती. ड्रायव्हरचा मोकळा हात बटणावर होता, भाऊंचा त्याला लागून, आणि वल्हं मारायच्या आधी ड्रायव्हर भाऊंच्या करंगळीला आपली करंगळी लावायचे. ती त्यांची खूण. तेवढ्यानं ठेका जुळायचा.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हणालो, "पण ताई, अशी दोन माणसं शेजारी असणं हा योगायोग आहे. बाकीच्यांनी काय करायचं?"

"खरं हाय तुहं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा मुद्दा खोडला नाही, आणि मानलाही नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बेंगळुरूच्या कंपनीला नाही कळवलं. आम्हाला एकत्र बसवून सांगितलं, की होडी एका खोलीतल्या दोन माणसांचीच राहील. ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी मोकळ्या मनानं जावं, त्या चांगली शिफारस लिहून देतील. दोघं गेले. चित्रं काढणारी मुलगी आणि मी राहिलो. घर चालावं म्हणून ताई एका कॉलेजात तास घेऊ लागल्या आणि आम्ही क्लासेसवाल्यांची ॲप करू लागलो. होडीचं काम उरलेल्या वेळात. मला ताईंचा राग होता, तो मी लपवलाही नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असन. मी चुकली असन."

वर्ष सरता सरता ड्रायव्हरची बायको वारली. एकट्या माणसाला अकोल्यात ठेवायचं कसं, म्हणून मुलानं त्यांना सुरतेला नेलं. मुलगा तिथे कापडाच्या बाजारात नोकरीला होता. पुढच्या बुधवारी शेजारच्या खाटेवर कोणीतरी दुसरे गृहस्थ होते, त्यांच्या उजव्या हातात सुया. भाऊंनी स्टूल लावू दिलं नाही. ताईंनी स्वतः त्या बाजूला बसून खेळायची तयारी दाखवली, तर म्हणाले, "तू मले जिंकवशीन. मजा नाई त्यात." मग भिंतीकडे तोंड केलं.

त्या रविवारी ताई माझ्या घरी आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. माझ्या आईनं चहा टाकला. ताई म्हणाल्या, "तुले ते लाइन जोडायचं काम येते ना. दोन माणसांपुरतं करून दे. एक अकोला, एक सुरत."

मी त्यांना काही टोमणा मारला नाही. त्यांचा चेहराच तसा होता.

"एक गोष्ट," त्या म्हणाल्या. "अंदाज नाई करायचा. डायवरनं मारलं तवाच वल्हं हललं पाहिजे. उशीर झाला तर होऊ दे."

"ठेका जुळणार नाही, ताई."

"नाई जुळन."

मी तसंच बनवलं. सुरतेच्या मुलानं वडिलांच्या खाटेजवळ टॅब लावून दिला, ताईंनी दोन्हीकडच्या सिस्टरांशी बोलून बुधवारची सकाळची पाळी जुळवली. लाइन रेंगाळली की कळावं म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात एक बारका दिवा ठेवला: ठीक असली तर हिरवा, अडकली तर लाल. पहिल्या दिवशी तो निम्मा वेळ लालच होता. होडी सारखी फिरत होती. तरी दोघं मिळून एक शेळी पलीकडे घेऊन गेले, आणि भाऊ खाटेवरून ओरडले, "डायवर, पोचली." तिकडून आवाज आला, "पाहून राहिलो बे."

हळूहळू त्यांनी उशीर सवयीचा करून घेतला. मी लाइनही सुधारत नेली. दिवा बहुतेक वेळ हिरवा राहू लागला. आणि नेमकं त्याच सुमारास भाऊ तक्रार करू लागले. "लाइन खराब झाली. डायवरचं वल्हं लय उशिरा येऊन राहिलं." मी अकोल्याला गेलो, तपासलं. दिवा हिरवा. लाइन उत्तम. मी सुरतेच्या मुलाला टॅबच बदलायला लावला. फरक नाही. पुढचा बुधवार, त्यापुढचा बुधवार. होडी नदीच्या मधे थांबायची, भाऊंचं वल्हं पाण्याबाहेर, आणि ड्रायव्हरचं येतच नसायचं. मग यायचं. दिवा तेवढा वेळ हिरवाच.

तिसऱ्या वेळी मला कळलं. मी ताईंना खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं, "ताई, लाइन नाही थकलेली. बटणच उशिरा दाबलं जातं. त्यांचा हात थकलाय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलानं आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि बोलताना ड्रायव्हरचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत असायचा. ताईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. त्यानं आधी टाळलं, मग कबूल केलं. हृदयाचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हटलं होतं. पप्पांनीच सांगितलं होतं, बाबूला कळू देऊ नको.

मला वाटलं ताई आता भाऊंना काहीतरी समजावतील. त्यांनी गाडीची तिकिटं काढली. अकोल्याहून सुरतेला थेट गाडी जाते. शनिवारचं डायलिसिस झालं की रविवारी निघायचं, बुधवारचं तिकडे करायचं आणि परतायचं. सुरतेच्या दवाखान्याला त्यांनी दिवसभर फोन केले: कागद पाठवते, तपासण्या पाठवते, फक्त खाट शेजारची पाहिजे, डाव्या बाजूला तो माणूस पाहिजे. तिकडची बाई म्हणाली असणार की हे काय नवीन. पण तिनं ते केलं.

भाऊंची सून घाबरली होती. "आत्या, एवढ्या लांब? रस्त्यात काही झालं तर?"

"होऊ शकते," ताई म्हणाल्या. "त्याले विचार."

भाऊंनी आधीच पिशवी भरली होती.

मीही सोबत होतो, कंट्रोलर आणि चिकटपट्टी घेऊन. सुरतेला ड्रायव्हरना पाहिलं तेव्हा मी ओळखलंच नाही. भरदार माणूस होता तो. आता कपडे तेवढे मोठे दिसत होते. भाऊ शेजारच्या खाटेवर आडवे झाले, सुया लागल्या, आणि ड्रायव्हरनी मान वळवली. कितीतरी वेळ पाहतच राहिले.

"कोण आलं बे," शेवटी म्हणाले.

"तुमची लाइन खराब होती," भाऊ म्हणाले. "पाह्याले आलो."

स्टूल लावलं. तिथल्या टीव्हीला वायर बसेना, म्हणून मी टॅब हातात धरून दोघांच्या पायथ्याशी उभा राहिलो. ड्रायव्हरचा हात मुलानं उचलून बटणावर ठेवला. होडी काठावरून निघाली आणि थांबली. भाऊंनी वल्हं मारलं नाही. ते पडद्याकडे पाहतच नव्हते; मधल्या स्टुलावरच्या हाताकडे पाहत होते. ड्रायव्हरच्या करंगळीनं त्यांची करंगळी शोधली. मग दोघांनी एकदम बटण दाबलं. होडी वीतभर पुढे गेली. पुन्हा थांबली. असं करत करत ती पार गेली. माझे हात भरून आले होते, पण टॅब हलू दिला नाही. ताई बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या होत्या. मी त्यांना सांगायला गेलो, तर पदरानं चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "पोचले ना? बरं झालं."

परतीच्या गाडीत भाऊ झोपले होते. भुसावळ आलं, मी चहा आणला. मी ताईंना विचारलं, आता त्या ऑनलाइनच्या कामाचं काय करायचं? काढून टाकू?

"काहून काढतं? ठेव." त्या चहाचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर पाहत होत्या. "मी त्याले उगाच नाई म्हणत होती. दूर असलेल्या माणसाचंही समजते त्यात. फक्त अंदाज नको टाकू. समोरचा थकला असन तर थकलेला दिसला पाहिजे."

होडी त्यानंतर तशीच बाहेर पडली. एका खोलीतल्या दोघांसाठी, आणि दूरच्या ओळखीच्या दोघांसाठी. अनोळखी जोड्या नाहीत, अंदाज नाही. लोकांनी लिहिलं की ऑनलाइनमध्ये फार उशीर होतो. तेही खरंच होतं. फार लोकांनी ती घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यातल्या काहींची पत्रं यायची. एक मुलगी परदेशातून वर्ध्यातल्या आईशी खेळायची. ताई ती पत्रं मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मग म्हणायच्या, "कामाले लागा."

ड्रायव्हरच्या मुलाचा फोन आला तो पावसाळा सरता सरता. मी ताईंच्या समोरच बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, मुलाची विचारपूस केली, आणि म्हणाल्या, "अकोल्याले फोन नको करू बापू. मी जाते." मी त्यांना गाडीवर बसवून बसस्टँडवर सोडायला निघालो. तिथे उतरल्यावर म्हणाल्या, "तूही चाल."

भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला फाटकातून आत येताना पाहिलं आणि हातातला पेपर बाजूला ठेवला.

"आज तर सोमवार हाय," ते म्हणाले.

ताईंनी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कवा?"

"सकाळी. झोपेतच."

सून पाणी घेऊन आली, आणि आमचे चेहरे पाहून तशीच उभी राहिली. भाऊ उगाच बाजेची दोरी बोटानं ओढत होते. थोड्या वेळानं ते एका बाजूला सरकले.

"तू काहून उभा हाय?" मला म्हणाले. "बस इथी."

मी बसलो. संध्याकाळची शेवटची बस सुटायला अवकाश होता. आम्ही तिघं त्या बाजेवर तसेच बसून राहिलो.